परिचारिकांचे अबोल दुःख : आसन्नमरण रुग्णांची सेवा व सेवा करणाऱ्यांची काळजी

(अभ्यासलेख)



वार्षिक अहवालाच्या हिशेबाच्या पानांवर ‘घसारा’ या शीर्षकाखाली एक रक्कम दरवर्षी दाखविली जाते. क्ष-किरण यंत्र, जनित्र, रुग्णवाहिका, खाटा ही सर्व वापराने झिजतात व ही झीज हिशेबात धरली नाही तर ताळेबंद खोटा ठरतो, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. रुग्णालयातील परिचारिकाही झिजते. विशेषतः जी परिचारिका बरे न होणाऱ्या रुग्णांच्या उशाशी वर्षानुवर्षे उभी राहते, तिची झीज मोठी असते. परंतु तिच्यासाठी कोणत्याही ताळेबंदात रकाना नसतो. ती राजीनामा देते तेव्हा ‘घरगुती कारण’ एवढीच नोंद होते आणि नव्या जागेची जाहिरात निघते.

या झिजेचे स्वरूप काय, ती कशामुळे होते व आमच्यासारख्या ग्रामीण धर्मादाय रुग्णालयास तिच्याबाबत काय करता येण्याजोगे आहे, याचा विचार विश्वस्तांपुढे व हितचिंतकांपुढे मांडावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. आम्ही वैद्यकीय क्षेत्रातील तज्ज्ञ नव्हे. रुग्णालयाचा कारभार सांभाळताना जे पाहिले व या विषयावर जे वाचले, त्याची ही मांडणी आहे.

१. शहापूर-मुरबाड परिसराचे वेगळेपण

आमच्या परिसरातील भातसा व तानसा या जलाशयांचे पाणी मुंबईस जाते. दुर्धर आजाराचा रुग्णही उपचारासाठी मुंबईसच जातो. शहापूरचा रुग्ण आसनगावला लोकल पकडतो, मुरबाडचा रुग्ण एस.टी.ने कल्याण गाठतो. पाणी गेले ते परत येत नाही. रुग्ण मात्र पुष्कळदा परत येतो. मोठ्या रुग्णालयात “आता घरी न्या” असे सांगितल्यावर त्याचे अखेरचे काही आठवडे डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसई परिसरातील आपल्या घरात आणि जवळच्या लहान रुग्णालयात जातात. म्हणजे उपचाराचा पराक्रम शहरात होतो आणि अखेरची सेवा आमच्याकडील परिचारिकेच्या वाट्याला येते.

याखेरीज आकस्मिक मृत्यू आहेतच. पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, पुष्कळदा खूण दिसत नाही आणि पाड्यावरून रुग्णालयात पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. नाशिक महामार्गावरील व कसारा घाटातील अपघात नित्याचेच आहेत. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उभारण्याचे यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले, त्या घटनेने सारा तालुका हादरला. अशा घटनेच्या वेळी सेवा करणाऱ्यांच्या मनावर आघात झाला असेल, हे सर्वांच्या ध्यानात येते. परंतु आठवड्याला एक अशा संथ गतीने, कोणाच्याही नजरेत न भरता जे मृत्यू होतात, त्यांचा संचय त्याच परिचारिकेच्या मनात होत असतो, याकडे लक्ष जात नाही.

शहरातील परिचारिकेस बहुधा रुग्णाचे नाव व आजार एवढेच ठाऊक असते. आमच्याकडे रुग्ण हा परिचारिकेच्या गावचा असतो, तिच्या भावाचा शाळासोबती असतो, म्हशाच्या यात्रेत भेटलेला असतो. तो गेल्यावर त्याची पत्नी बाजारात समोर येते आणि हात धरून रडते. पाळी संपल्यावर गणवेश उतरविता येतो. ओळख उतरविता येत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या माणसाने अखेरचा श्वास घरी घ्यावा, अशी येथील बहुसंख्य कुटुंबांची इच्छा असते. त्यामुळे प्रकृती ढासळताच नातेवाईक ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून रुग्णास घरी नेतात. ती इच्छा योग्यच आहे. पण ज्या परिचारिकेने वीस दिवस त्याची कूस बदलली, तिला पुढे काय झाले हे कळतच नाही. तिच्या दृष्टीने तो रुग्ण गेला असेही नाही आणि राहिला असेही नाही. नोंदवहीतील ओळ अर्धवट राहते, तशीच मनातीलही.

२. सुतक नसलेले दुःख

धर्म कोणताही असो, घरात मृत्यू झाल्यावर समाज त्या कुटुंबास काही दिवस व्यवहारातून मोकळीक देतो. सुतक असते, दहावा-तेरावा असतो, चाळिसावा असतो. शेजारी पिठले-भाकरी आणून देतात, भेटीस येणारे तीच तीच हकिकत पुन्हा विचारतात आणि सांगता सांगता दुःख हलके होते. या रूढींमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे.

परिचारिकेस यांपैकी काहीही लाभत नाही. मृतदेहाची स्वच्छता करणे, नळ्या काढणे, कागदपत्रे पूर्ण करणे, नातेवाइकांस सावरणे ही कामे ती करते. मग चादर बदलली जाते आणि तासाभरात त्याच खाटेवर दुसरा रुग्ण येतो. त्याच्याशी हसून बोलणे हेही तिचे कर्तव्यच असते. तिने रडावे असे कोणासही वाटत नाही, रडली तर “सिस्टर, तुम्हीच असे केले तर कसे?” असे म्हटले जाते.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी ज्या शोकास समाज मान्यता देत नाही त्या शोकाचा विचार १९८९ साली ग्रंथरूपाने मांडला. मृताशी असलेले नाते समाज मानत नसेल, तर त्या माणसास उघडपणे शोक करता येत नाही आणि असा दडपलेला शोक अधिक काळ टिकतो, असा त्याचा आशय आहे. परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हे अशाच प्रकारचे. आम्ही यास मराठीत ‘सुतक नसलेले दुःख’ म्हणू.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण, नाव न देता, नमूद करतो. एका अनुभवी परिचारिकेने पाठदुखीचे कारण देऊन वॉर्डातून बाह्यरुग्ण विभागात बदली मागितली. अर्ज रीतसर होता. सहज बोलता बोलता समजले की, त्या पंधरवड्यात तिच्या पाळीत तीन रुग्ण गेले होते व त्यांपैकी एक शाळकरी मुलगी होती. पाठ खरोखरच दुखत होती. मनावरचे ओझे पाठीवर उतरले होते एवढेच.

३. दुःख वेगळे, थकवा वेगळा

या विषयावरील लिखाण वाचताना एक भेद आमच्या ध्यानात आला आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा वाटतो.

कामाने माणूस आतून जळून जाणे, ही कल्पना न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली मांडली. मोफत दवाखान्यात तळमळीने काम करणाऱ्या स्वयंसेवकांमध्येच त्यांना ही अवस्था दिसली, हे आमच्यासारख्या धर्मादाय संस्थांनी लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९८१ साली क्रिस्तिना मॅस्लाक व सुसान जॅक्सन यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन लक्षणे धरली आहेत. पहिले, भावनिक शक्ती संपल्याची जाणीव. दुसरे, रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याऐवजी वस्तू म्हणून पाहणे. तिसरे, आपल्या हातून काहीच चांगले होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेचा समावेश आहे, मात्र तेथे तिला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हटले आहे. म्हणजे दोष व्यक्तीच्या दुबळेपणाचा नसून कामाच्या रचनेचाही आहे.

शोक याहून निराळा. शोक करणारी परिचारिका रुग्णात गुंतलेली असते. थकून गेलेली परिचारिका रुग्णापासून दूर गेलेली असते. पहिलीचे डोळे भरून येतात, दुसरीचे कोरडे राहतात. पहिलीला सोबत हवी असते, दुसरीला विसावा हवा असतो. शोकाकुल परिचारिकेस नुसती रजा दिली, तर ती घरी एकटी बसून तोच प्रसंग आठवत राहते. सलग दुप्पट पाळ्या करून गळून गेलेल्या परिचारिकेस मनोधैर्यावरील व्याख्यान ऐकविले, तर तिची झोपेची एक दुपार तेवढी वाया जाते. निदान चुकले की औषध चुकते, हा नियम व्यवस्थापनासही लागू आहे.

तिसरा एक प्रकार आहे, ज्यास १९८४ साली अँड्र्यू जेमटन यांनी नैतिक क्लेश असे नाव दिले. योग्य काय हे परिचारिकेस कळत असते, पण ते करणे तिच्या हाती नसते. जो रुग्ण वाचणार नाही हे स्पष्ट आहे, त्याला पुन्हा सुई टोचण्याचा आदेश तिला पाळावा लागतो, कारण डॉक्टर आणि नातेवाईक यांचे बोलणे झालेले नसते. वेदनेने विव्हळणाऱ्याजवळ पुरेसे वेदनाशामक नसताना ती उभी असते. अशा वेळी होणारा त्रास विश्रांतीने जात नाही. निर्णय वेळेवर झाले तरच जातो.

४. के.ई.एम. रुग्णालयाचा धडा

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. अरुणा शानबाग ही त्याच रुग्णालयातील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची अंथरुणास खिळली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, के.ई.एम.च्या परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली. खाट रिकामी करण्यासाठी तिला अन्यत्र हलविण्याचे प्रयत्न झाले तेव्हा परिचारिकांनी विरोध करून ते थांबविले. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकरणी निकाल देताना, इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाले नाही याचा गौरवाने उल्लेख केला आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

या घटनेकडे सामान्यतः त्यागाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले असता तीत तीन गोष्टी दिसतात. पहिली, हे काम एका परिचारिकेने केले नाही. परिचारिकांच्या अनेक तुकड्यांनी, पिढी बदलत गेली तरी, ते वाटून घेतले. वाटून घेतलेला भार चार दशके पेलता आला. एकटीला तो चार वर्षेही पेलता आला नसता. दुसरी, तिच्याशी असलेले आपले नाते परिचारिकांनी उघडपणे सांगितले आणि अखेर न्यायालयानेही ते मानले. त्यामुळे ती गेली तेव्हा त्यांना आप्तांप्रमाणे शोक करता आला, सर्वांसमक्ष रडता आले. वर उल्लेखिलेले ‘सुतक’ त्यांना मिळाले. तिसरी, जगण्या-मरण्याच्या निर्णयाचा भार एकट्या व्यक्तीवर न ठेवता त्यासाठी कार्यपद्धती असावी, हे त्या निकालाने पुढे आणले. ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालाने माणसास आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला व जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करण्यात आली.

प्रत्येक रुग्णाच्या वाट्यास असे प्रसिद्धीचे वलय येत नाही. परंतु वाटून घेणे, नाते मान्य करणे आणि निर्णय वेळेवर करणे या तिन्ही गोष्टी लहान रुग्णालयासही शक्य आहेत.

५. काय टाळावे

दुःखापासून परिचारिकेस वाचविण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिला रुग्णात गुंतूच न देणे, असे वाटण्याचा संभव आहे. इझाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास नेमकी हीच पद्धत तपासली. तेथे कामाचे बारीक तुकडे पाडले होते. एकीने सर्वांचे ताप पाहावेत, दुसरीने सर्वांना औषधे द्यावीत. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने वा रोगाने होई. विद्यार्थिनींच्या वॉर्डांत वारंवार बदल होत. हेतू चिंता टाळण्याचा होता, परिणाम उलट झाला. रुग्ण बरा झाल्याचे समाधान कोणासही मिळेना आणि सुमारे एकतृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात. ममतेची दारे बंद केली की दुःख आत येत नाही हे खरे, पण समाधानही त्याच दारातून येत असते.

६. संख्येचा हिशेब

लिंडा एकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे सोपविलेल्या रुग्णांत एकाची भर पडली की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेस थकव्याने ग्रासण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. म्हणजे परिचारिकेचा थकवा आणि रुग्णाची सुरक्षितता ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत.

आता आमच्या पद्धतीने एक साधे गणित मांडतो. वॉर्डात अहोरात्र एक परिचारिका हजर हवी असेल, तर दिवसाच्या तीन पाळ्या व आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. एक परिचारिका आठवड्यास ६ पाळ्या करते. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन परिचारिका लागतात. आजारपण, बाळंतपण, हक्काची रजा व प्रशिक्षण यांसाठी ३० टक्के राखीव बळ धरले, तर हा आकडा साडेचारच्या वर जातो. तीन पाळ्यांसाठी तीन परिचारिका नेमणारे रुग्णालय कागदावर काटकसर करते. उरलेली पाळी प्रत्यक्षात कोणाच्या तरी झोपेतून, कोणाच्या तरी मुलाच्या आजारपणातून वसूल होते.

७. करता येण्याजोग्या गोष्टी

(अ) क्षणभर थांबणे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने एक प्रथा सुरू केली. रुग्णाचा मृत्यू झाल्यावर खाटेभोवतीच्या सर्वांनी मिनिटभर शांत उभे राहून त्या व्यक्तीचे व प्रयत्न करणाऱ्यांचे स्मरण करावयाचे. यास एक पैचाही खर्च नाही. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय व मावशी यांनी एकत्र उभे राहावे, एवढेच.

(आ) पाळीअखेरचे बोलणे. मृत्यू झाला त्या पाळीनंतर पंधरा मिनिटे चहा घेत एकत्र बसावे. चूक कोणाची याची चौकशी तेथे नको. त्या रुग्णाविषयी ज्याला जे आठवते ते त्याने बोलावे. सफाई करणाऱ्या मावशींना त्यात आवर्जून बसवावे, कारण रुग्ण पुष्कळदा त्यांच्याशीच मन मोकळे करतो.

(इ) पाळीपत्रकाचे नियम. बालकाचा मृत्यू पाहिलेल्या परिचारिकेस दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत नेमू नये. मृत्यूच्या रात्रीनंतर दुहेरी पाळी लावू नये. अत्यवस्थ रुग्णाची जबाबदारी दोघींत वाटावी.

(ई) पुढची बातमी कळविणे. घरी नेलेल्या रुग्णाच्या कुटुंबास आठवडाभरात दूरध्वनी करावा व जे कळेल ते वॉर्डात सांगावे. परिचारिकेस दहाव्यास जावेसे वाटले तर ते कर्तव्याचा भाग मानून सवड द्यावी.

(उ) प्रशिक्षण. असहायता ही थकव्याची जननी आहे. वेदनाशमन येणारी परिचारिका मृत्यू थांबवू शकत नाही, पण यातना थांबवू शकते आणि त्या समाधानावर ती टिकते. वांद्रे येथील शांती आवेदना सदन हे १९८६ मध्ये सुरू झालेले भारतातील पहिले शुश्रूषागृह, तसेच पुण्यातील वारजे येथे १९९७ पासून विनामूल्य सेवा देणारे सिप्ला परिहार सेवा केंद्र अशी उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन वैद्यकीय उपयोगासाठी मॉर्फिन मिळविण्याची पद्धत सुलभ झाली. तिचा लाभ ग्रामीण रुग्णालयांनी घ्यावयास हवा.

(ऊ) मदतीचा मार्ग. झोप न लागणे, सतत निराशा, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास सहकाऱ्यांचे सांत्वन पुरेसे नसते. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक परिचारिकांच्या खोलीत लावलेला असावा व तज्ज्ञाकडे जाणाऱ्या परिचारिकेचे नाव गुप्त राहावे.

८. विनंती

रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती आहे की, घरी गेल्यावर जमेल तेव्हा दोन ओळींचा निरोप पाठवावा. आपल्या माणसाचा शेवट कसा झाला हे कळणे, ही त्या परिचारिकेची मोठी निकड असते. दुःखाच्या भरात संताप अनावर होतो, हे आम्ही जाणतो. पण तो बहुधा समोर उभ्या असलेल्या, सर्वांत कमी अधिकार असलेल्या व्यक्तीवर निघतो. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला. पण कायदा अंगावर उगारलेला हात रोखू शकेल. मनाला लागलेला शब्द तो परत घेऊ शकत नाही.

विश्वस्तांनी नव्या अंदाजपत्रकात ‘राखीव परिचारिका’ असे स्वतंत्र शीर्षक उघडण्याचा विचार करावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. देणगीदारांनी खाट, यंत्र, इमारतीचा मजला यांसाठी सढळ हाताने दिले, त्याबद्दल संस्था कृतज्ञ आहे. यंत्रावर नाव कोरता येते, म्हणून त्यासाठी देणगी मिळणे सोपे असते. परिचारिकेच्या एका शांत झोपेवर कोणाचेही नाव कोरता येत नाही. तरीही मध्यरात्री दोन वाजता, वॉर्डाच्या टोकाला एखादा वृद्ध अखेरचे श्वास मोजत असताना, त्याच्या हातावर हात ठेवण्यास न थकलेले कोणी तेथे असावे, याहून मोठे दान आमच्या हिशेबात दुसरे नाही.